कांजिण्यांच्या लशीसाठी नाशिकच्या गंगापूर रोडचं मुलांचं क्लिनिक : पाचपैकी चार स्टार

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी चार. एक कापलाय तो वेटिंग रूमसाठी, त्याचं रडगाणं खाली आहेच, पण ज्या कामासाठी गेलो होतो ते काम आणि त्याहून जास्त म्हणजे लस घ्यायची की नाही यावर डॉक्टर मॅडमनी जे बोलणं केलं त्याला पूर्ण मार्क. रिव्ह्यू लांबलाय, ज्यांना फक्त पैसे आणि पार्किंग बघायचंय त्यांनी सरळ शेवटी जा.

तर झालं असं की मार्च अखेरीला आमच्या बिल्डिंगमध्ये (आनंदवली) वरच्या मजल्यावरच्या मुलाला कांजिण्या आल्या. आता कोणी आजारी पडलं की ग्रुपवर "गेट वेल सून" आणि हात जोडलेले इमोजी येतात, इथे उलटंच, त्या मुलाच्या आईचाच मेसेज आला की पोरांच्या परीक्षा झाल्यात, सुट्टी आहे, तर ज्यांच्या मुलांना अजून झाल्या नाहीत त्यांनी संध्याकाळी खेळायला पाठवा, एकदाच सगळ्यांना होऊन जाऊ देत, पुढच्या वर्षी ऐन शाळेत नको. पावभाजीचा बेत पण होता. आणि गंमत म्हणजे खाली पटापट अंगठे पडायला लागले, "गुड आयडिया", "आमचा पण येतो", एकीने तर विचारलं की डबा आणू का.

आमच्या घरी दोन पोरं. मोठी सात वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. मोठीच्या सगळ्या लसी महापालिकेच्या केंद्रात झाल्या, तिथल्या आशाताई घरी येऊन आठवण करायच्या, एक पैसा लागला नाही, त्याबद्दल तक्रार शून्य. पण सरकारी यादीत गोवर-रुबेला आहे, पोलिओ आहे, जुलाबाची रोटा आहे, न्यूमोनियाची आहे, कांजिण्यांची नाही. ती आपली आपण प्रायव्हेटमध्ये घ्यायची, आणि घ्या म्हणून कोणी दारात येऊन सांगत नाही, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या आयांना अशी लस असते हेच माहीत नव्हतं.

घरात लगेच दोन पार्ट्या. नवरा म्हणे दोन पोरांचे दोन-दोन डोस म्हणजे दहा हजाराला चाट, वर फुकटात होतंय, आणि खरा आजार झाला की शरीर जे तयार होतं ते लशीने होत नाही, त्याने कुठलेतरी व्हिडिओ पण बघून ठेवलेले. सासूबाईंचं माहेर सिन्नरचं, त्या म्हणाल्या आमच्याकडे एकाला आल्या की बाकीच्यांना मुद्दाम त्याच्याच गोधडीत झोपवायचे, आठवडाभर घरात फोडणी नाही, दाराला कडुलिंब, संपला विषय, सगळे जगलो ना. मला काही पटत नव्हतं पण नक्की काय पटत नाही ते सांगताही येत नव्हतं, आणि त्यात मोठी आदल्याच दिवशी त्या मुलाबरोबर तासभर कॅरम खेळून आलेली. शेवटी क्लिनिकला फोन केला. फोनवरच्या मुलीने सगळं ऐकलं आणि दोनच मिनिटांत मॅडमना विचारून परत कॉल केला की उद्याच या, लागण झाली असली तरी तीन दिवसांच्या आत लस घेतली तर बऱ्याचदा आजार टळतो नाहीतर हलका तरी होतो, पाच दिवसांपर्यंत उपयोग असतो, त्याच्या पुढे ढकलू नका. हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. परत कॉल करणारं क्लिनिक नाशकात मिळणं हेच मुळात अर्धा स्टार आहे.

आता मेन गोष्ट. आम्ही चौघं आणि सासूबाई अशी वरात घेऊन गेलो, कारण मला घरात दोन-दोनदा समजावत बसायचं नव्हतं. मला वाटलं मॅडम पाच मिनिटांत "घेऊन टाका" म्हणतील आणि सिस्टरकडे पाठवतील, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. इथे त्यांनी पहिलं सासूबाईंकडे बघून म्हटलं, "आजी, तुमचं तेव्हा बरोबरच होतं, कारण तेव्हा लसच नव्हती." तिथेच अर्धी लढाई संपली हो. त्यांचं म्हणणं असं की मोठेपणी होण्यापेक्षा लहानपणी झालेल्या परवडल्या हा हिशोब खरा आहे, मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, पण हा हिशोब केव्हाचा, तर जेव्हा दोनच रस्ते होते, आत्ता होणं किंवा नंतर होणं. तिसरा रस्ता आल्यावर जुनं गणित कशाला मांडायचं. ही लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी नावाच्या डॉक्टरांनी १९७४ ला तयार केली, त्यांच्या स्वतःच्या मुलाला कांजिण्यांनी बेजार केलं होतं त्यावरून ते मागे लागले. अमेरिकेत १९९५ ला सुरू झाली, त्याच्या आधी तिथे वर्षाला चाळीस लाख केसेस व्हायच्या आणि त्यातले शंभर ते दीडशे जण दगावायचे. नवरा म्हणाला चाळीस लाखांत शंभर म्हणजे काहीच नाही. मॅडम म्हणाल्या बरोबर आहे, बहुतेक मुलं खडखडीत बरी होतात, मी तुम्हाला घाबरवणार नाही, पण ॲडमिट व्हावं लागणारे दरवर्षी दहा हजाराच्या वर होते, आणि त्यातली बरीचशी आधी धडधाकट असलेली पोरं होती.

मग गोधडीचा विषय निघाला. हे मला एकदम नवीन होतं. घरात ज्या मुलाला बाहेरून कांजिण्या येतात त्याला पुरळ त्यातल्या त्यात कमी, आणि त्याच्याकडून भावंडाला होतात त्या जास्त, फोड जास्त, ताप जास्त, कारण रात्रंदिवस जवळ राहून विषाणू भरपूर आत जातो. म्हणजे मुद्दाम शेजारी झोपवणं म्हणजे जास्त आजारी पाडायची सोयच. सासूबाई एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, धाकट्या बहिणीला सगळ्यात जास्त आल्या होत्या खरं, तिच्या कपाळावर अजून खड्डे आहेत. हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याचा नैसर्गिक प्रतिकारशक्तीचा मुद्दा मॅडमनी अर्धा मान्य केला आणि मला तेच आवडलं. आजार होऊन जी प्रतिकारशक्ती येते ती मजबूत असते, सहसा जन्मभर पुरते, हे खरं. लशीच्या एका डोसने साधारण शंभरातल्या ऐंशी मुलांना कांजिण्या होतच नाहीत, उरलेल्यांना झाल्या तर सहसा पन्नासच्या आत फोड, ताप नाही किंवा किरकोळ. दोन डोस झाले की नव्वदच्या वर जातं. आणि लस न घेता झाल्या की अडीचशे ते पाचशे फोड. पण आजारातून मिळालेल्या प्रतिकारशक्तीबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, तो विषाणू बरा झाल्यावरही अंगातून जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि पन्नाशी-साठीला नागीण होऊन उठतो. लस घेतलेल्या मुलांमध्ये नागिणीचं प्रमाण बरंच कमी दिसलंय. आमच्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी कंबरेला नागीण झाली होती, पुरळ गेलं तरी कितीतरी महिने बनियनचा स्पर्श सहन होत नव्हता, ते सगळं नवऱ्यानेच काढलंय. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की व्हिडिओवाल्याने हा भाग सांगितला नव्हता.

आणि एक भारी मुद्दा, तो वरच्या मजल्यावरचा मुलगा तपासला कोणी? मॅडम म्हणाल्या माझ्याकडे कांजिण्या म्हणून आणलेल्या पोरांत हँड फूट माउथवाली (हातापायांवर, तोंडात फोड येणारा वेगळाच आजार) पण असतात, ढेकूण-डास चावलेली पण असतात. लोकं "झाल्या एकदाच्या" म्हणून निश्चिंत होतात आणि पुढे दहावीच्या वर्षात खऱ्या कांजिण्या येतात. म्हणजे पावभाजी पार्टीत जाऊन पोरगं आजारी पाडायचं आणि ते पण भलत्याच आजाराने. तसं हे खूळ फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका, २०११ मध्ये अमेरिकेत एकीने फेसबुकवर आजारी मुलांनी चाटलेले लॉलीपॉप पोस्टाने विकायला काढले होते, तिथल्या सरकारी वकिलाला जाहीर सांगावं लागलं की हा गुन्हा आहे. लॉलीपॉपचं ऐकून आमची मोठी म्हणते, "शी, उष्टे?"

आणि हे जे "लहानपणी सगळ्यांनाच होऊन जातात" म्हणतो ना आपण, ते आपल्यासारख्या उष्ण देशांत तितकंसं खरं नाही म्हणे. थंड देशांत लहानपणीच बहुतेकांना होऊन जायच्या, इकडे वय पुढे सरकतं, त्यामुळे न झालेली मोठी माणसं आपल्याकडे जास्त सापडतात. नवऱ्याच्या अंबडच्या कंपनीत गेल्या वर्षी तिशीतल्या एकाला झाल्या होत्या, तीन आठवडे घरी होता बिचारा.

पण आमच्या घराचा निर्णय ज्या प्रश्नाने झाला तो वेगळाच. मॅडमनी विचारलं घरात येणार-जाणारं कोणी प्रेग्नंट आहे का, कोणाचं केमो चालू आहे का, कोणाला स्टेरॉइड? आणि आम्ही सगळे एकदम एकमेकांकडे बघायला लागलो, कारण नणंद सातव्या महिन्यात, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे डोहाळजेवण आणि तिथून पुढे बाळंतपणापर्यंत मुक्काम. तिला लहानपणी झाल्या होत्या का? सासूबाई म्हणे झाल्या असतील, मग म्हणे नाही तो गोवर होता, मग म्हणे आठवत नाही. पहिल्या वीस आठवड्यांत आईला झाल्या तर शंभरात एक-दोन बाळांना जन्मतः व्यंग राहू शकतं, तो काळ तिचा गेला होता, पण बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आईला पुरळ उठलं तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या जिवावर बेततं. आणि गरोदर बाईला ही लस देत नाहीत, त्यामुळे तिचा मुख्य बचाव म्हणजे आजूबाजूच्यांनी आजार घरात न आणणं. मी म्हटलं पुरळ दिसलं की पोरांना वेगळं ठेवू, तर म्हणाल्या ताई, पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, दिसायच्या आधी कोणाला वेगळं ठेवणार? आणि लागण झाल्यापासून दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात, म्हणजे तुमचं डोहाळजेवण बरोबर त्याच्या मध्ये येतंय.

आता सांगा, पार्टीचा मेसेज टाकताना बिल्डिंगमधल्या कोणी विचारलं का की लिफ्टमध्ये कोण प्रेग्नंट आहे? तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा आहेत, केमोसाठी मुंबई नाक्याला जातात, ते रोज संध्याकाळी त्याच पोरांच्या मधून पार्किंगमध्ये फिरतात. आपल्या पोराचं आपण ठरवतोय असं वाटतं पण आपण त्या आजोबांचंही ठरवत असतो, त्यांना न विचारता. हा मुद्दा मी घरी येऊन ग्रुपवर टाकला, दोघींनी पोरं पाठवणं रद्द केलं, एकीने मला लेक्चर दिलं, बाकीच्यांनी निळी टिक. असो.

नणंदेला लगेच फोन, तिने पुण्यात रक्ताची अँटिबॉडी टेस्ट (कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आधीच आहे का ते बघायची) करून घेतली, ही पण मॅडमनीच सुचवली, आणि डोहाळजेवण आम्ही पुढे ढकललं. सासूबाईंनीच ढकललं, मला बोलायची गरज पडली नाही.

आता प्रत्यक्ष लशीबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचा आहे. सिस्टरने काय केलं ते मी नीट बघितलं. लशीचा फ्रिज वेगळा, त्यात कोणाचा डबा नाही की दुधाची पिशवी नाही, बाहेर तापमानाचा आकडा दिसतो आणि शेजारी रोजच्या नोंदीचा कागद लावलेला. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते, मी विचारलं लाइट गेली तर, म्हणे फ्रिज इन्व्हर्टरवर आहे आणि जास्त वेळ गेली तर आइसपॅकचा बॉक्स तयार असतो. खोका आमच्यासमोर फोडला, नवऱ्याच्या हातात देऊन एक्सपायरी वाचायला लावली. बाटलीत पातळ काही नसतं, तळाशी छोटीशी पांढरी वडी असते, दुसऱ्या कुपीतलं पाणी त्यात सोडून हळूहळू फिरवतात, खसाखसा हलवत नाहीत, आणि मिसळलं की ठेवून द्यायचं नसतं, लगेच टोचायचं. दंडाची कातडी चिमटीत धरून तिरकी सुई, अर्धा मिली. मोठी रडली नाही, धाकट्याने मात्र अख्खं गंगापूर रोड डोक्यावर घेतलं, कारण त्याला पंधराव्या महिन्याची एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) पण त्याच दिवशी होती. या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी असल्यामुळे एकतर एकाच दिवशी दोन जागी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे, आम्ही म्हटलं एकदाच रडू दे. नंतर बाटलीवरचं स्टिकर काढून फाइलमध्ये चिकटवलं, तीन महिन्यांनंतरची दुसऱ्या डोसची तारीख लिहिली आणि वीस मिनिटं बसवून ठेवलं.

धाकट्याला एक रात्र अंग गरम, बाकी काही नाही. मोठीला मात्र दोन-अडीच आठवड्यांनी पोटावर पाच-सात पुटकुळ्या आल्या. नवऱ्याने माझ्याकडे "बघ, घेतलीस ना लस" अशा नजरेने बघितलं. क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तासाभरात मॅडमचा व्हॉइस मेसेज, की कॅरमवाली लागण असेल किंवा लशीचं हलकं पुरळ असेल, दोन्हीत करायचं तेच, सुकेपर्यंत घरात ठेवा, ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, डिस्प्रिन अजिबात नाही कारण ॲस्पिरिनने या आजारात मुलांच्या मेंदूला आणि लिव्हरला धोका होतो, ब्रुफेन पण टाळा, नखं कापा. आणि शेवटी, "आजींना सांगा कडुलिंब उशाला ठेवायला हरकत नाही, पण अंघोळ बंद करू नका." ताप आला नाही, चार दिवसांत खपल्या धरल्या. पार्टीला गेलेल्या पोरांपैकी एकाला तोंडात, पापणीवर, कुठे-कुठे आल्या, कानामागे खाजवून पिकलं, अँटिबायोटिक लागलं, शिवाय त्यांचं कोकणचं बुकिंग गेलं. बाकीच्या दोघांना काही विशेष नाही झालं, हे पण लिहायला पाहिजे. पार्टीलाच स्टार द्यायचे तर पावभाजीला चार (असं ऐकलंय), बाकी शून्य.

आता तो कापलेला स्टार. दारावर बोर्ड आहे की ताप आणि पुरळ असलेल्यांनी आधी फोन करावा, पण पाळतंय कोण. आम्ही बसलेल्या सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला अंगभर ठिपके आलेलं, तापाने लाल झालेलं एक पोर आईच्या मांडीवर, आणि त्याच्या समोर सहा आठवड्यांचं बाळ पहिल्या डोसला आलेलं. मी काउंटरवर सांगितलं तर "हो हो मॅडम, पुढचा नंबर त्यांचाच आहे" आणि ते पोर अर्धा तास तिथेच. खेळण्यांची टोपली पण सगळ्यांना एकच, त्यातला प्लास्टिकचा हत्ती जवळपास प्रत्येक पोराच्या तोंडातून जाऊन आलेला. आत एवढं छान समजावणाऱ्या डॉक्टरच्या बाहेर मोफत कांजिण्या-पार्टी चाललेली बघून हसावं की रडावं कळेना. मॅडमना तोंडावर सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, दुसऱ्या डोसच्या वेळी लसीकरणाची वेळ सकाळी अकरापर्यंत आणि आजारी मुलं त्यानंतर अशी केलेली होती, हत्ती मात्र होता. म्हणून तीनचे चार केले.

पैसे : लशीच्या एका डोसला दोन ते अडीच हजाराच्या मध्ये, कंपनीप्रमाणे फरक, एमआरपीच घेतात, टोचायचे वेगळे घेत नाहीत, तपासणीची फी वेगळी. परवडत नसेल तर स्पष्ट सांगा, आमच्या पुढच्या बाईंना मॅडमनी स्वतः सांगितलं की आधी सरकारी यादीतल्या सगळ्या फुकट लसी पूर्ण करा, ही थोडे पैसे जमले की घ्या, कर्ज काढून नको. जीपे चालतं. तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना दोन डोसमध्ये चार आठवड्यांचंच अंतर चालतं, त्याच्या आतल्यांना तीन महिने, त्यामुळे ट्रिपा-लग्नं बघून तारीख घ्या. पार्किंग अजिबात नाही, सिंहस्थाच्या कामाने रस्ता कधी कुठून उकरलेला असेल भरवसा नाही, टू-व्हीलर किंवा रिक्षा बेस्ट. शनिवारी जाऊ नका, आणि पोराचं खेळणं घरूनच घेऊन जा.